सहा पूर्णांक चार

सेगेडच्या प्रयोगशाळेत, तळघरात,
जिथल्या खिडकीतून फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांचे बूट दिसतात,
एक प्रोग्राम आहे. नोकरीत माझ्याहून सात वर्षं जुना.
दिवसभर रेघेकडे बघतो.

रेघ येते उंदराच्या मेंदूच्या एका कापातून.
नखाएवढा काप, मिठाच्या पाण्यात,
प्राणवायूच्या बुडबुड्यांवर तगवलेला,
फार तर संध्याकाळपर्यंत.
त्यातल्या एका चेतापेशीला टेकवलेलं काचेचं टोक.
शेजारणीनं काही सांगितलं
की रेघ दचकते:
झपकन खाली,
मग सावकाश, भिंत धरून उठावं तशी, वर.
बाकी सगळी खरखर. पंख्याची, दिव्याची, काचेची,
कुणाची कोण जाणे.

प्रोग्राम दचके मोजतो.
परवाच्या नोंदीत तीन हजार नऊशे बारा,
अमुक उंचीचे, अमुक अंतरानं.
आणि चौऱ्याऐंशीव्या ओळीत एकच आकडा:
सहा पूर्णांक चार पिकोअँपिअर.
त्याच्या आतलं, ते बोलणं नव्हे.
शेजारी टीप: बदलू नये. कारण एमोकेला विचारा.

प्राध्यापक केरेकेश म्हणाले, "ती नॉर्वेला गेली ना?"
जनावरांच्या खोलीतला बेंदेगूझ पिंजरे धुता धुता म्हणाला,
"कुठली नॉर्वे! पूल ओलांडा.
पाणीपट्टीच्या कचेरीत बसते. माझा मीटर तिनंच बदलून दिला."

सायकल काढली. तिसा नदी त्या दिवशी
चहात दूध कमी पडल्यासारखी.
खिडकी क्रमांक तीन. हिरवा स्वेटर, दोरीला लटकवलेला चष्मा.
मी आकडा सांगितला. ती हसली नाही.

"तेव्हा छापील कागदावर पेन्सिलीनं खुणा करायचे," म्हणाली,
"खसखस निवडावी तशा. एका हिवाळ्यात चार हजार.
साताच्या वरचे आपणहून दिसत.
पाचाजवळ आले की डोळ्यांना पाणी सुटायचं,
आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही.
आई त्या वर्षी इस्पितळात. भेटायची वेळ पाच ते सहा.
सहा पूर्णांक चार धरलं
की साडेचारला कागद संपत."

माझ्यामागच्या माणसानं घसा खाकरला. त्याचं बिल चुकलं होतं.
तिनं ते हातात घेतलं, आणि माझ्याकडे न बघता:
"बोलता येत नव्हतं तिला. बोट हलवायची.
म्हणजे, हलवायची असं मी धरून चालले."

अकरा शोधनिबंध उभे आहेत त्या साडेचारवर.
दोन माझे.

रात्री आकडा पाचावर आणला, तीच नोंद पुन्हा चालवली.
रेघ पुटपुटू लागली.
चार हजारांच्या जागी नऊ हजार खुणा.
त्यातल्या काही दर बारा मिनिटांनी, गठ्ठ्यानं:
डोक्यावरून जाणारी ट्राम.
त्या वगळल्या.
पंखा वगळला, दिवे वगळले.
तरी उरले खूप.
कुणी फार हळू बोललं असेल.
किंवा कुणीच नसेल.
प्रोग्रामनं दोन्हींना सारखीच लाल टिकली लावली होती.

मी पडद्याजवळ गेले, मग लांब,
मग चष्मा काढून.
शेवटची ट्राम गेली. बूट थांबले.
जिची ही रेघ, ती पेशी मंगळवारीच संपलेली;
तिला विचारायची सोय नाही.

आकडा होता तिथे परत ठेवला
आणि टिपेखाली एक ओळ वाढवली:
विचारलं. कारण आहे.